शल्लूमाच्या मुली

मननाकरितां शास्त्रभाग: नहेम्या ३:१२, ईयोब ४२:१५



नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय आपल्यापैकीं फार थोडे लोक मन लावून वाचतात. त्यांत एकामागून एक नांवेंच आहेत. अमक्यानें अमक्या वेशीची डागडुजी केली, त्याच्या शेजारीं अमक्यानें केली, असें सबंध अध्यायभर चाललें आहे. उपासनेंत हा भाग आला म्हणजे वाचणारा बंधु त्या इब्री नांवांस अडखळतो, मुलें हंसतात, आणि पाळक लगबगीनें पुढच्या अध्यायाकडे वळतो. आम्हींहि पुष्कळ वर्षें तसेंच केलें. परंतु गेल्या उन्हाळ्यांत ह्याच अध्यायानें आम्हांस आमच्या वडिलांच्या ओसरीवर, घरच्या सर्वांदेखत, असें पकडलें कीं, ती गोष्ट ह्या पत्राच्या वाचकांपासून लपवून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

आमच्या वडिलांचें घर जालना जिल्ह्यांत, दुधना नदीच्या खोऱ्यांतील एका खेड्यांत आहे. पांच खणांचें तें माळवद आहे. मराठवाड्यांतील वडील माणसांस माळवद म्हणजे काय हें सांगावयास नको. परंतु आतां गांवोगांव पत्र्याचीं व स्लॅबचीं घरें उठत आहेत, म्हणून तरुण वाचकांकरितां दोन शब्द लिहितों. दगडमातीच्या रुंद भिंती, त्यांच्या लगत लांकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर दाटून बसविलेल्या तुराट्या, त्यांवर निंबाचा पाला, पाल्यावर चिखल, आणि सर्वांच्या वर गांवच्या पांढरीच्या मातीचा थर. उजेडाकरितां व धुराकरितां मधें एक साणें. वैशाखाच्या उन्हांत अशा घरांत शिरलेला मनुष्य बाहेर पडावयास नाखूष असतो.

कफर्णहूमांत चौघां मित्रांनीं ज्या घराचें छप्पर उकरून पक्षाघाती मनुष्यास प्रभु येशूपुढें सोडलें, तें घर आमच्या लोकांस समजावून सांगावें लागत नाहीं. परदेशच्या पंडितांस त्यावर टीपा लिहाव्या लागतात. आमच्या आईस तो प्रसंग ऐकतांना दरवेळीं एकच चिंता वाटत आली आहे, ती ही कीं, उकरलेलें माळवद मागाहून नीट कोणी केलें?

माळवदाचा एक दोष मात्र येथें सांगितला पाहिजे. दरसाल मृगापूर्वीं घरधनी वर चढतो, जेथें गळलें असेल तेथें नव्या मातीचा थर देतो व खालीं उतरतो. जुनी माती कोणी काढीत नाहीं. बापाच्या थरावर मुलगा थर घालतो, आणि वीस-तीस वर्षांत लांकडांवर इतकें ओझें चढतें कीं, घर उभें आहे हीच देवाची दया समजावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारी व आसपासच्या गांवीं भूकंप झाला, तेव्हां लातूर व धाराशिव या जिल्ह्यांतील हजारों माणसें झोपेंतच गेलीं. त्यांतील पुष्कळांचा जीव डोक्यावरील मातीनें व मातींत रचलेल्या दगडी भिंतींनीं घेतला. त्यानंतर जाणत्या लोकांनीं खेडोपाडीं हेंच सांगितलें कीं, माळवदावरची जास्तीची माती उतरवा, भिंतीच्या दोनही अंगांस एकत्र धरून ठेवणारे लांब आरपार दगड घाला, आणि खांब व तुळई यांच्या सांध्यास तिरपे टेकू द्या. आमच्या गांवीं हें ऐकून सर्वांनीं मान डोलाविली, आणि पुढच्या मृगापूर्वीं नवा थर दिला.

गेल्याच्या गेल्या पावसाळ्यांत आमच्या मधल्या भिंतीस पोट आलें. आईनें निरोप धाडला कीं, घर पडूं द्यावयाचें असेल तर मला आधीं बाहेर काढा. आमचे धाकटे बंधु पुण्याकडे एका कारखान्यांत नोकरीस आहेत. त्यांचें म्हणणें, तें पाडून स्लॅबचें बांधूं. जालना शहर लोखंडी सळयांच्या कारखान्यांकरितां नांवाजलेलें, मग आपणच मातींत कां राहावें? परंतु हिशेब मांडतां पैसे पुरेनात. शिवाय गांवच्या वृद्ध गवंड्यानें सांगितलें कीं, ह्या भिंती स्लॅबचें ओझें घेणार नाहींत. आणि त्यांस सिमेंटाचा गिलावाहि देऊं नका, मातीची भिंत आंतली ओल बाहेर टाकीत असते, तिचें तोंड बांधलें तर ती आंतल्या आंत कुजते. तेव्हां माळवद उतरवून जुनेंच घर नीट करावयाचें ठरलें.

आतां जें लिहावयाचें तें लिहितांना हात जड होतो. वडील प्रभूमध्यें झोपीं गेले त्यास सहा वर्षें झालीं. मृत्युपत्र त्यांनीं केलें नव्हतें. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर अद्याप त्यांचेंच नांव होतें. २०२० सालीं सरकारनें स्वामित्व योजना काढली. तिच्याप्रमाणें ड्रोनच्या साहाय्यानें गांवठाणांची मोजणी होऊन घरधन्यांस मालमत्तेची पत्रिका मिळावयाची, तेव्हां वारसांचीं नांवें आतां लावून घेतलींच पाहिजेत, अशी गांवांत चर्चा होती. बंधु म्हणाले, "दादा, खर्च आपण दोघे करणार, मग नांवेंहि दोघांचींच लागावीं. अक्काची सही घेऊन टाकूं." आम्हीं होकार दिला. इतकेंच नव्हे, तर तालुक्याच्या ठिकाणीं जाऊन हक्कसोडपत्राचा मसुदा आम्हींच लिहवून आणिला, आणि ज्या पिशवींत आमचें पवित्र शास्त्र असतें तिच्यांतच तो ठेविला. ह्यांत कांहीं वावगें आहे असें त्या वेळीं आमच्या मनांतहि आलें नाहीं. आलें असतें आणि तरीहि आम्हीं तें केलें असतें, तर निदान त्या पापाची आमची ओळख तरी झाली असती.

अक्का आमची थोरली बहीण. ती परतूर तालुक्यांत दिली आहे. तिला आम्हीं बोलाविलें नव्हतें. माळवद उतरवितात असें आईच्या तोंडून फोनवर ऐकून ती आपल्या दोन मुलींसह एस. टी. नें आली, आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे पदर खोचून मातीच्या पाट्या वाहूं लागली. घरचीं सर्वच माणसें कामास लागलीं होतीं. बंधु व आम्ही वर खोरें चालवीत होतों, भावजय व आमच्या सौभाग्यवती खालीं माती चाळीत होत्या, आई निंबाखालीं बसून जुन्या तुराट्यांतील चांगल्या तेवढ्या निवडीत होती, आणि मुलें काम कमी व धूळ अधिक करीत होतीं.

माती उतरूं लागली तेव्हां एक नवल आमच्या दृष्टीस पडलें. खोऱ्याच्या घावांत ते सारे थर पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक दिसत होते, आणि अक्का ते वाचीत होती. "हा थर तूं दहावीला होतास त्या वर्षींचा. त्या सालीं भुसा मिळाला नाहीं, म्हणून बघ कशी चिरली आहे." "ही काळसर माती बाबांनीं ओढ्याची आणली होती. ती गळली, मग मृगांतच पुन्हा पांढरी घातली." लग्न होईपर्यंत दरसाल वडिलांबरोबर वर चढून माती तुडविणारी तीच होती. आम्ही त्या वेळीं शहरांत शिकत होतों. सातवीनंतर तिची शाळा सुटली, ती आमची चालू राहावी म्हणून. आणि तिच्या कापूस वेचण्याच्या मजुरीचे पैसे आमच्या फीकडे गेले, हें घरांत सर्वांस ठाऊक होतें व कोणी कधीं बोलून दाखवीत नव्हतें. ज्या घरावरून तिचें नांव उतरवावयाचा कागद आमच्या पिशवींत होता, त्या घराचा इतिहास तिच्याखेरीज आम्हां कोणालाच येत नव्हता.

तिसऱ्या दिवशीं सुतार आला. मधल्या खणाची सागवानी तुळई घरांतील सर्वांत देखणी. आमच्या लग्नाच्या वेळीं तिला तपकिरी तेलरंग दिला होता, आणि पाहुणे तिच्याकडे बोट दाखवीत. सुतारानें हातोड्याच्या दांड्यानें ती ठोकली. आवाज भद्द आला. वाकसानें टवका उडवितांच आंतून वाळवीची माती भुरभुर पडूं लागली. सुतार म्हणाला, "रंग नसता तर दहा वर्षांमागेंच दिसलें असतें." यहेज्केल संदेष्ट्यानें कच्च्या भिंतीवर चुना फासणाऱ्यांविषयीं जें सांगितलें आहे, त्यावर आम्हीं पूर्वीं दोन वेळां प्रवचन केलें आहे. त्या तुळईखालीं उभे असतां त्यांतील एक शब्दहि आम्हांस आठवला नाहीं. दुसरी तुळई केवढ्यास पडेल, एवढाच विचार मनांत होता.

संध्याकाळीं काम संपल्यावर ओसरीवर कौटुंबिक उपासना होत असे. माळवद उतरविल्यामुळें विजेच्या तारा सोडविल्या होत्या, म्हणून कंदिलाच्या उजेडांत बसावें लागे. बांधकामाचे दिवस आहेत, तर मंडळींस हुरूप यावा म्हणून नहेम्याचें पुस्तक आम्हींच निवडलें होतें, व रोज एकेकानें वाचावें असें ठरविलें होतें. तिसऱ्या अध्यायाची पाळी आमच्या धाकट्या भाचीवर आली. ती आठवींत आहे. नांवांना न अडखळतां ती वाचीत चालली, हें पाहून आम्हांस कौतुक वाटत होतें. बाराव्या वचनाशीं ती थांबली. यरुशलेमेच्या अर्ध्या भागाचा अधिकारी शल्लूम यानें आपल्या मुलींसह डागडुजी केली, असें तेथें आहे.

"मामा," ती म्हणाली, "बाकी सगळ्यांचीं नांवें लिहिलीं आहेत. ह्या मुलींचीं कां नाहींत?"

आम्हीं आईकडे पाहिलें, आई अक्काकडे पाहत होती. आम्हीं कांहीं तरी सांगितलें. तें उत्तर नव्हतें. मग लहानशी प्रार्थना करून उपासना संपविली. पिशवी आमच्या उशाशीं होती, आणि त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

आतां त्या वचनाकडे जरा थांबून पाहूं या. शल्लूम हा साधा मनुष्य नव्हता. अर्ध्या शहराचा कारभार ज्याच्या हातीं, त्यास मजूर लावणें कठीण नव्हतें. त्याला मुलगे नसतील म्हणून मुली आल्या असतील, असा तर्क कोणी करील. पण शास्त्र तसें सांगत नाहीं. शास्त्र एवढेंच सांगतें कीं, त्या कामावर होत्या. त्याच अध्यायांत सोनार आहेत, सुगंधी द्रव्यें करणारे आहेत, याजक आहेत, व्यापारी आहेत. कित्येकांनीं आपापल्या घरासमोरचाच भाग उभारला आहे. आणि तकोवा गांवच्या सरदारांनीं मात्र ह्या कामास मान वांकविली नाहीं, हेंहि पांचव्या वचनांत नमूद आहे. म्हणजे हा अध्याय देवाच्या घरच्या हजेरीपटासारखा आहे. दगड कोणीं उचलला हें त्यांत लिहिलें आहे, आणि कोणीं उचलला नाहीं हेंहि लिहिलें आहे. त्या मुलींचीं नांवें मनुष्याच्या हातून सुटलीं, पण त्यांचें काम सुटलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं उजाडतांच आम्हीं बंधूंस उघड्या कड्यांवर बसवून मनांतलें सांगितलें. ते रागावले नाहींत, पण त्यांनीं जें विचारलें तें आपल्या प्रत्येक खेड्यांत विचारलें जातें, म्हणून येथें लिहितों. अक्काच्या लग्नांत बाबांनीं भांडीं दिलीं, सोनें दिलें, कर्ज केलें. तें कशांत धरावयाचें? भाऊबीज, बाळंतपणें, आजारपणें हें सर्व आपण करीत आलों, तें काय? आणि उद्यां तिनें आपला वांटा परक्यास विकला तर? लेक परक्याचें धन, असें आपलीं माणसें म्हणतात तीं मूर्ख आहेत काय? शेवटीं ते म्हणाले, "दादा, बहिणीनें वांटा घेतला कीं माहेर तुटतें. तुला तें पाहिजे का?"

ह्या शेवटच्या प्रश्नानें आम्ही कांहीं वेळ गप्प झालों. माहेर तुटतें हें खरें आहे; आम्हीं स्वतः अशीं घरें पाहिलीं आहेत. परंतु तें कोण तोडतो? ज्या बहिणीनें आपलें म्हणून कांहीं मागितलें, तिच्याकडे जाणें-येणें भाऊच बंद करतो, आणि मग म्हणतो कीं तिनें माहेर तोडलें. लग्नांतील भांड्यांची गोष्ट म्हणाल, तर आमच्या शिक्षणास जो पैसा लागला तो कोणी कधीं आमच्या वांट्यांतून वजा करावयाचें मनांत आणलें नाहीं.

मग कायदा काय म्हणतो हें पाहिलें. येथें आम्हांस लाज वाटली तें सांगतों. इतकीं वर्षें आम्ही मंडळींत लग्नें लावीत आहों, मेलेल्यांस मूठमाती देत आहों, घरोघरचे तंटे ऐकत आहों. परंतु आमच्याच समाजास लागू असलेला वारसाचा कायदा आम्हीं वाचला नव्हता. १९२५ सालचा भारतीय वारसा कायदा असा आहे कीं, ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र केल्याशिवाय मेला व मागें विधवा आणि मुलें असलीं, तर एक तृतीयांश विधवेचा, आणि उरलेलें सर्व मुलांमध्यें सारखें, मुलगा व मुलगी असा भेद न करितां. आमच्या घराचे नऊ वांटे केले तर तीन आईचे, दोन अक्काचे, दोन आमचे, दोन बंधूंचे. केरळांत पूर्वींच्या त्रावणकोर संस्थानाच्या १९१६ च्या कायद्यानें ख्रिस्ती मुलीस भावाच्या वांट्याची चौथाई किंवा पांच हजार रुपये, ह्यांत जें कमी तेवढेंच मिळे. मेरी रॉय ह्या बाईंनीं त्याविरुद्ध दाद मागितली, आणि १९८६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तेथेंहि १९२५ चाच कायदा लागू असल्याचा निकाल दिला. आमच्या भागांत असा अडथळा नसतां, वांटा पुरा असून तो आम्हीं एका सहीनें शून्यावर आणावयास निघालों होतों.

बंधूंनीं शास्त्रांतूनहि एक आक्षेप काढला. लूकच्या बाराव्या अध्यायांत एक मनुष्य प्रभूस म्हणतो कीं, माझ्या भावास वतन वांटून द्यावयास सांग, आणि प्रभु त्यास नकार देतो व लोभापासून सावध करितो. "मग वांटणीच्या भानगडींत पाळकानें कशास पडावें?" असें ते म्हणाले. हें वचन बहिणींच्या तोंडावर फेंकलेलें आम्हीं पुष्कळदां ऐकलें आहे. पण लोभ मागणाऱ्याच्याच पोटीं असतो असें प्रभूनें कोठें म्हटलें आहे? न मागणाऱ्या बहिणीचा वांटा मुकाट्यानें दाबून बसणें हाहि लोभच आहे, आणि तो अधिक सुरक्षित लोभ आहे, कारण त्याला कोणी नांव ठेवीत नाहीं.

उलट ईयोबाचें पुस्तक उघडा. पहिल्या अध्यायांत त्याचे सात मुलगे आपापल्या घरीं मेजवान्या करितात, आणि तिघी बहिणींस जेवावयास बोलावितात. बहिणी पाहुण्या म्हणून येतात, जेवतात. मग रानांतून वादळ सुटतें, घराच्या चारही कोपऱ्यांस धडकतें, आणि तें घर त्यांच्या अंगावर पडतें. शेवटल्या अध्यायांत परमेश्वर ईयोबाचें घर पुन्हा वसवितो. पुन्हा सात मुलगे, पुन्हा तीन मुली. पण आतां एक गोष्ट बदलली आहे. मुलग्यांचीं नांवें तेथें नाहींत. मुलींचीं आहेत: यमीमा, कसीया, केरेन-हप्पूक. आणि त्यांच्या बापानें त्यांस त्यांच्या भावांबरोबर वतन दिलें, असें पंधराव्या वचनांत आहे. मोशेच्या नियमशास्त्रांत मुलगा नसेल तरच मुलीस वतन मिळे; ईयोबास तर सात मुलगे होते. पडलेल्या घराखालून जो मनुष्य बाहेर आला, त्यानें दुसऱ्या वेळीं घर निराळ्या रीतीनें बांधलें. आमच्या भाचीच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस येथें सांपडलें, आणि तें तिला आम्हीं दोन दिवस उशिरा दिलें.

जालन्याजवळ बेथेल म्हणून जी ख्रिस्ती वस्ती झाली, तिचें नांव आमच्या वाचकांस माहीत आहे. १८४३ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं, सर सालारजंग निजामाचे दिवाण असतां मिळालेल्या जमिनीवर ती वसविली. त्याच १८४३ सालीं त्यांचा लहान भाऊ श्रीपत यास मुंबईच्या न्यायालयानें बापाच्या स्वाधीन केलें होतें, आणि पुढें त्याला जातींत परत घ्यावें कीं नाहीं यावर मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर परत घ्यावें ह्या पक्षाचे होते. म्हणजे घराचें दार कोणास उघडें व कोणास बंद, हा प्रश्न आमच्या भागांतील मंडळीच्या बुडाशींच आहे. बेथेल ह्याचा अर्थ देवाचें घर. याकोब आपला सर्व परिवार घेऊन बेथेलास परत गेला ती कथा आपण आवडीनें सांगतों. पण त्याच्या थोडें आधीं, उत्पत्तीच्या एकतिसाव्या अध्यायांत, राहेल व लेआ काय म्हणतात हें आपण वाचीत नाहीं. बापाच्या घरीं आम्हांस आतां कांहीं वांटा उरला आहे काय, असें त्या विचारतात. त्यानें आम्हांस विकलें आणि आमचा पैसा खाल्ला, असें म्हणतात. त्यानंतर राहेल बापाच्या गृहदेवता चोरून नेते. चोरी ती चोरीच. पण लाबानानें हक्कानें कांहीं दिलें असतें तर तिला तें करावेंसें वाटलें असतें काय, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. बेथेलास पोंचण्यापूर्वीं याकोबानें घरांतील तसल्या सर्व वस्तु शखेमाजवळ झाडाखालीं पुरविल्या. त्या दिवशीं कोणाच्या पिशवींतून काय निघालें असेल, कोण जाणे.

उपदेशक बंधूंनो, तुम्हांस एक विनंती आहे. गांवांत असे कागद होतात तेव्हां साक्षीदार म्हणून बहुधा तुम्हांसच बोलावितात, कारण तुम्हांस लिहितां-वाचतां येतें आणि तुमच्या सहीस मान आहे. सही करण्यापूर्वीं तो कागद त्या बहिणीस तिच्या भाषेंत वाचून दाखविला काय, आणि जें ती सोडते आहे तें किती आहे हें तिला कळलें काय, एवढें विचारा. तिनें समजून-उमजून भावास दिलें, तर तें दान आहे, आणि दानास कोणी अडवूं नये. न कळतां घेतलेली सही ही दान नव्हे. तिचा नवरा किंवा सासरा तिच्या वतीनें बोलूं लागला, तरीहि तिलाच विचारा.

त्या दिवशीं दुपारच्या भाकरीनंतर आम्हीं तो मसुदा बाहेर काढला, आणि आई, बंधु, भावजय, सौभाग्यवती व मुलें यांच्यासमोर अक्काला वाचून दाखविला. कायद्यानें तिचें काय आहे तेंहि सांगितलें. आम्ही तिची क्षमा मागणार होतों. शब्द जुळवून ठेविले होते. तिनें हातावरची माती झटकली व म्हणाली, "मला ठाऊक होतें. तालुक्याचें गांव केवढेंसें! तूं केव्हां सांगतोस, त्याची वाट बघत होतें."

मग ती उठून चुन्याची पाटी उचलावयास गेली. बंधूंनीं ती तिच्या हातून घेतली.

ग्रामपंचायतींत आम्हीं चौघांच्या नांवांचा अर्ज दिला आहे. अक्कानें अद्याप आपला वांटा मागितलेला नाहीं, सोडलेलाहि नाहीं, आणि आम्हींहि तिला विचारीत नाहीं. भावजयीच्या मनांत अजून थोडें आहे. तें तिनें आम्हांस मोकळेपणें बोलून दाखविलें, ह्याबद्दल आम्ही तिचे आभारी आहों. मधल्या खणास एका मोडलेल्या वाड्यांतील जुनी तुळई आणून घातली, आणि ह्या वेळीं तिला रंग दिला नाहीं. चाळीसांहून अधिक पावसाळ्यांची माती उतरवून वीतभर तेवढी परत घातली. थर किती जाड हें अक्का काडीनें मोजून पाहत होती. गवंड्याच्या सांगण्याप्रमाणें भिंतींत आरपार दगड घातले. मृगाचा पहिला पाऊस आला त्या रात्रीं आईनें सवयीनें पांच ठिकाणीं पातेलीं मांडून ठेविलीं होतीं. सकाळीं तीं सर्व कोरडीं होतीं.

एक काम राहिलें आहे. नवें घर बांधशील तर धाब्याला कठडा कर, म्हणजे कोणी वरून पडून त्याच्या रक्ताचा दोष घरावर येणार नाहीं, अशी आज्ञा अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत आहे. आमच्या माळवदास कठडा कधींच नव्हता, आणि मुलें पतंगासाठीं वर चढतात. अक्कानें जातांना तेवढेंच सांगितलें. विटा आणून ठेविल्या आहेत. बंधूंस दिवाळींत रजा मिळेल तेव्हां काम काढावयाचें आहे. पूर्वेकडची बाजू आपण व आपल्या मुली बांधूं, असें अक्काचें पत्र आलें आहे.